चोरओटी

टक्, असा बारीकसा आवाज झाला आणि मेथी निवडणाऱ्या सिंधुबाईंचा हात थांबला.

सकाळची धावपळ संपून घर नुकतंच गप्प झालं होतं. शेखर अंबडच्या कंपनीत गेला होता, धाकटा दीर रोहितही कामावर निघून गेला होता आणि सृष्टीला शाळेच्या रिक्षात बसवून तेजश्री वर आली होती. अशा शांततेत स्ट्रिपमधून गोळी काढल्याचा आवाजसुद्धा घरभर होतो. तो दाबायचे सगळे प्रकार तेजश्रीने करून पाहिले होते. नळ सोडून पाहिला, ओढणीत गुंडाळून गोळी काढून पाहिली, एकदा तर उगाच मिक्सर फिरवला. पण सासूबाईंना ऐकू जायचंच.

"झाली का घेऊन?" त्यांनी विचारलं.

"हो आई."

"घे बाई. घ्यायला तर पाहिजेच." मग मेथीच्या काडीकडे बघत त्या म्हणाल्या, "कणीक जरा जास्तीच मळत जा आता. दुपारी पुरत नाय."

सिंधुबाई असंच बोलायच्या. शिवी नाही, आरडाओरडा नाही. एखादं वाक्य कपड्यात राहिलेल्या टाचणीसारखं ठेवून द्यायच्या, आणि दिवसभर कुठेही वळलं की ते टोचायचं.

कणकेचं खोटं नव्हतं. तेजश्रीला भूक लागायची. पूर्वी लागायची तशी नाही. ही भूक वेगळी होती, जेवून उठताना पुन्हा ताटाकडे ओढणारी. आणि गंमत अशी की हीच भूक परत यावी म्हणून या घराने एके काळी देव पाण्यात ठेवले होते.

तेजश्री बायकांचे ब्लाऊज शिवायची. इंदिरानगरच्या या फ्लॅटची गॅलरी काचा लावून बंद केलेली, तिथे तिचं मशीन. हात चांगला होता, बायका पार रथचक्र चौकापासून तिच्याकडे यायच्या. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तिने मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला आणि तो दाबलाच नाही. संध्याकाळ झाली तरी ती तशीच बसून होती, सुईखाली कुणाची तरी बाही. दुसऱ्या दिवशी तेच. मग अंघोळ राहू लागली, जेवण राहू लागलं. सगळ्यांनी कारण विचारलं. नवरा पीत नाही, सासू मारत नाही, पोरगी गोंडस, मग झालंय काय? तिच्याकडे कारण नव्हतं. कारण असतं तर तिने ते सगळ्यात आधी शेखरच्या हातात ठेवलं असतं, की हे घे, हे माझ्यातून काढून टाक. एक दिवस तीन वर्षांची सृष्टी रिकामी वाटी घेऊन तिच्यासमोर उभी राहिली, आणि भूक भूक म्हणत शेवटी तिथेच फरशीवर झोपून गेली. तेजश्री पाहत होती. पाहणारी ती आणि उठणारी ती यांच्यात कुणीतरी भिंत घातली होती.

त्यानंतर शेखरने तिला गंगापूर रोडच्या एका डॉक्टर मॅडमकडे नेलं. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. विचारलंच तर थायरॉईड सांगायचं. थायरॉईड घरोघर असतो, त्याला कुणी हसत नाही.

गोळीने काम केलं. महिना-दीड महिन्यात एका सकाळी तेजश्रीला फोडणीचा वास आला. मोहरी तडतडली, कढीपत्ता पडला, आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तो वास घेत राहिली. त्या दिवशी तिने सृष्टीला स्वतःच्या हाताने भरवलं. सिंधुबाईंनी कालिकेला नारळ वाढवला.

नंतर मात्र ती सुटत गेली. आधी गाल, मग दंड, मग पोट. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, पुढे सैल करता यावं म्हणून. त्याला शिवणकामात माया म्हणतात. गिऱ्हाइकांना ती नेहमी सांगायची, "आत माया ठेवलीय वहिनी, वाढलात तरी काळजी नको." आता तिने स्वतःच्या ब्लाऊजांची माया एकेक करून उसवली. उसवली, पुन्हा टीप मारली, पुन्हा उसवली, आणि एका दिवाळीला पाहिलं तर एकाही ब्लाऊजमध्ये माया उरली नव्हती. मापं घेताना एक बाई हसत म्हणाली, "तेजश्री, तुझं माप घ्यायला टेप पुरतो का गं?" तीही हसली. गिऱ्हाईक होतं.

शेखर काही बोलायचा नाही. लग्नानंतर तो तिला काडी म्हणायचा, ते नाव आपोआप बंद पडलं. फोटो काढताना तो हल्ली सृष्टीला पुढे उभी करायचा, "अजून थोडी मम्मीच्या पुढे ये" म्हणायचा, इतकी पुढे, की मागे तेजश्रीचा नुसता चेहरा दिसावा. डॉक्टर मॅडमनी वजन पाहिलं, म्हणाल्या की या गोळीने होतं असं काहींना, आपण हळूहळू दुसरी बघू, पण स्वतःहून एक दिवसही बंद करायची नाही. आणि फिरायला जा. ती जॉगिंग ट्रॅकवर गेली. ओळखीच्या बायका समोरून येताना अंगठा वर करून "अरे वा, केलं का सुरू? छान" म्हणायच्या. एवढे दिवस ती घरी लोळत पडली होती आणि आज तिला अक्कल आली, असा त्या अंगठ्याचा अर्थ होता. चार दिवसांनी तिने जाणं सोडलं.

घोटीहून आमंत्रण आलं ते याच सुमाराला. सिंधुबाईंच्या थोरल्या जाऊबाई अक्काबाई, त्यांच्या नातसुनेचं, वेदिकाचं डोहाळजेवण होतं. सिंधुबाईंच्या मनात तेजश्रीला न्यायचं नव्हतं. सृष्टीची शाळा बुडेल, ऊन फार आहे, असं त्या दोनदा म्हणून झाल्या. पण रोहितसाठी पाहिलेल्या मुलीची मावशी, मंगलाबाई, तिथे येणार होती. स्थळ चांगलं होतं, बोलणी निम्म्यावर आली होती. थोरली सून दिसली नाही तर ती विचारणार, आणि दिसली तरी विचारणार. सिंधुबाईंनी शेवटी न्यायचं ठरवलं. "पदर दोन्ही खांद्यांवरून घे," एवढंच त्या म्हणाल्या.

हिरव्या साडीवरच्या ब्लाऊजचे पाठीवरचे खालचे हुक लागत नव्हते. तेजश्रीने तिथे सेफ्टीपिना लावल्या आणि वरून पदर घेतला.

घोटीच्या घरापुढे मांडव घातला होता. शेजारच्या गिरणीची घरघर चालू होती आणि मांडवातल्या बायका तिच्यावर आवाज चढवून बोलत होत्या. फुलांच्या दागिन्यांत वेदिका झोपाळ्यावर बसली होती, सृष्टी तिच्या बाजूबंदांना हात लावून पाहत होती. मंगलाबाईंनी तेजश्रीला शेजारी बसवून घेतलं. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि समोरच्याला पट्टी खायला हात पुढे करायला लावल्यासारखं बोलायच्या. त्यांनी माहेर विचारलं, शिक्षण विचारलं, मग तिच्या दंडाकडे पाहून सिंधुबाईंना म्हणाल्या, "सूनबाईंच्या अंगावर सूज दिसते हो. काही दुखणं आहे का?"

"छे," सिंधुबाई म्हणाल्या. "बाळंतपणानंतरचं. वाऱ्यानं."

"मुलगी पाच वर्षांची झाली ना? अजून बाळंतपणाचं?" मंगलाबाईंनी तेजश्रीकडे पाहिलं. "गोळ्या वगैरे चालू आहेत का काही?"

तेजश्री तोंड उघडणार तोच झोपाळ्याच्या मागून सृष्टी म्हणाली, "मम्मी रोज सकाळी गोळी घेते. आजीला आवाज येतो."

सिंधुबाईंच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेला. थायरॉईड म्हणायचं ठरलेलं होतं, पण ऐन वेळी तो शब्द दोघींनाही सापडेना. तेवढ्यात अक्काबाई पुढे आल्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, हातात हळदीकुंकवाचं ताट. त्यांनी तेजश्रीला पायापासून डोक्यापर्यंत चाचपल्यासारखं पाहिलं आणि त्यांचा सगळा चेहरा सुरकुत्यांनी हसला.

"गोळी घेणारच ना. रक्तवाढीची असंल. दवाखान्यात देतातच पोटुशीला," त्या म्हणाल्या. "सिंधू, माझ्यापासून लपवून ठेवलं व्हय गं?"

सिंधुबाईंनी एकदा मंगलाबाईंकडे पाहिलं. मग मान खाली घातली. तेजश्रीला वाटलं, आता त्या नाही म्हणतील.

"तिसरा लागलाय," सिंधुबाई म्हणाल्या. "एवढ्यात सांगायचं नव्हतं, अक्का."

तेजश्री म्हणाली, "अक्का, तसं काही—" आणि तिच्या मनगटावर सासूबाईंचा हात पडला. बांगडी कातडीत रुतेपर्यंत तो दाबला गेला. वरून पाहणाऱ्याला ती माया वाटली असती.

तिसरा लागला म्हटल्यावर अक्काबाई थांबणाऱ्या नव्हत्या. तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात; बातमी अजून बाहेर फुटलेली नसते, म्हणून गाजावाजा न करता, आतल्या खोलीत, घरच्या दोघी-तिघींत. अक्काबाई तिला हाताला धरून आत घेऊन गेल्या, कणग्यांच्या खोलीत, पाटावर बसवलं. "पदर पसर," म्हणाल्या. पदर पुढे घेतला तर पाठीवरच्या पिना दिसणार होत्या. तेजश्री भिंतीला पाठ लावून बसली आणि तिने पदर पसरला. तांदूळ पडले, नारळ पडला, हळकुंड, सुपारी, खारका पडल्या. अक्काबाईंनी ब्लाऊजपीस ठेवला आणि मग आपला कोरडा खरखरीत हात तिच्या पोटावर ठेवला. त्या पोटावर, जे ती अंघोळीच्या वेळीही पाहायची नाही.

"काडीसारखी व्हतीस तव्हा मला घोर लागायचा," अक्काबाई म्हणाल्या. "आता कशी भरली. अशीच राहा."

तिच्या या देहाला कुणी चांगलं म्हटल्याला किती काळ लोटला होता कोण जाणे. तेजश्रीचे डोळे भरून आले. अक्काबाईंना ते शुभ वाटलं. दाराशी उभ्या सिंधुबाई बाहेर बघत होत्या.

चोरओटी चोरून राहत नाही. पंगत बसेपर्यंत बातमी मांडवभर झाली होती. आणि मग जे घडलं त्याची तेजश्रीला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली, कारण तिला ते आवडलं. तिला वेदिकाशेजारी पाटावर बसवलं. पुरणपोळीवर तुपाची धार धरणारी बाई म्हणाली, "लाजू नको, दोघांचं जेव." आणि ती जेवली. कुणी मोजलं नाही, कुणी कणकेचं बोललं नाही. तिसरी पोळी वाढताना उलट कौतुक झालं. जिच्याकडे पाहून बायका एरवी नजर फिरवायच्या तिच्या पाठीमागे कुणीतरी लोड आणून ठेवला. पोट तेच होतं. घोटीत त्याला मान होता.

जेवणानंतर वाट्यांचा खेळ झाला. दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा. वेदिकाची वाटी उघडली तर बर्फी निघाली. तरुण पोरींनी मग तेजश्रीला धरलं. तिने हात मागे घेतला, तर सृष्टीच पुढे झाली, म्हणाली, मी उघडते मम्मीची. उघडली तर पेढा.

बायका हसल्या, टाळ्या पडल्या. तेजश्रीची नजर सासूबाईंकडे गेली. सिंधुबाई हसत होत्या. खरंच हसत होत्या, डोळ्यांतून. पोटात काहीही नाही हे मांडवात दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक क्षणभर ते विसरली होती.

परतताना बसमध्ये सृष्टी आईच्या पोटाला कान लावून बसली. विल्होळी येईपर्यंत तिने भावाचं नाव शौनक ठरवून टाकलं, कारण वर्गातल्या शौनककडे रंगीत खडूंची पेटी होती. ती झोपल्यावर सिंधुबाई खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "समोर मंगलाबाई बसल्या होत्या. काय सांगायचं होतं मी? सून डोक्याची गोळी खाती म्हणून? पोराचं ठरतंय. वेड्याचं घर म्हटलं असतं तिनं." थोड्या वेळाने, जरा मऊ आवाजात, "तुलाच नाय, सगळ्यांनाच म्हटलं असतं."

तेजश्रीने विचारलं, पुढे काय सांगायचं?

"रोहितचं ठरू दे. मग बघू."

शेखरला त्याच संध्याकाळी कळलं. तो आधी आईवर चिडला, मग सोफ्यावर पडलेले सृष्टीचे मोजे उचलत म्हणाला की तसं पाहिलं तर दुसरं आपल्याला हवंच होतं. "गोळी बंद करून बघू ना थोडे दिवस. आता बरीच आहेस की तू. वजनही उतरेल." तो दुष्टपणाने बोलत नव्हता. मोज्यांची जोडी लावता लावता बोलत होता.

डॉक्टर मॅडमना न विचारता तेजश्रीने गोळी बंद केली. सासूसाठी नाही, शेखरसाठीही नाही. तिला कंबर हवी होती, एवढंच.

आवाज थांबला हे सिंधुबाईंच्या लगेच लक्षात आलं. त्या तिच्या चहात आलं जास्त घालू लागल्या. सुरुवातीला मान वळवली की डोक्यात बस गचकन थांबल्यासारखं व्हायचं, विजेची बारीक कळ जायची. पण भूक गेली. पोळी समोर पडून राहू लागली. "चेहरा उतरला जरा, बरं दिसतंय," सिंधुबाई म्हणाल्या. शेखरने एका रविवारी सोमेश्वरला तिचा एकटीचा फोटो काढला. आणि एका सकाळी हिरव्या साडीवरच्या त्या ब्लाऊजचा खालचा हुक लागला. पिनेशिवाय लागला. तेजश्री आरशासमोर तो काढत आणि लावत राहिली.

त्याच आठवड्यात तिने एका ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. गिऱ्हाइकाने पाहिल्या, दाखवल्या, आणि तेजश्रीला त्यात चूक काय ते कळायलाच वेळ लागला. मग कपडे गॅलरीत साचू लागले. फोन वाजून वाजून थांबू लागला. घरात तिला कुणी काही विचारलं नाही, कारण ती बारीक होत होती.

मग ती सकाळ आली. खाली शाळेची रिक्षा हॉर्न देत होती. सृष्टी फणी आणि दोन रिबिनी घेऊन आईसमोर पाठ करून उभी होती. तेजश्री पलंगाच्या कडेवर बसलेली. फणी हातात होती. हात उचलायचा होता. तिने हाताकडे पाहिलं, तो कुणा दुसरीचा असावा तसा मांडीवर पडून होता. हॉर्न पुन्हा वाजला. सृष्टी वळली, आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग खाली वाकून तिच्या पोटाशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "शौनक, मम्मीला त्रास देऊ नको रे."

फणी हातातून काढून घेऊन, केस मोकळेच ठेवून, पोरगी खाली पळाली.

ती भिंत परत आली होती. पलीकडून सगळं दिसत होतं, फक्त यावेळी तेजश्रीला ती भिंत ओळखू आली. ती कितीतरी वेळ तशीच बसली. मग उठली. चप्पल घालायलाच तिला फार वेळ लागला. एकटीच रिक्षाने गंगापूर रोडला गेली. डॉक्टर मॅडम आधी रागावल्या, मग तिची नखं, केस, कपडे पाहून रागवायच्या थांबल्या. गोळी परत सुरू झाली. बदलून दुसरी गोळी द्यायचं आता एवढ्यात नाव काढायचं नाही असं ठरलं. येताना तिने शाळेच्या फाटकाशी थांबून सृष्टीला घेतलं.

घरी आल्यावर तिने सिंधुबाईंना सांगितलं, "आई, गोळी मी परत सुरू केली. आता बंद करणार नाही. जाड झाले तर झाले."

सिंधुबाईंनी पदर पुन्हा कमरेला खोचला.

"लोकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा," तेजश्री म्हणाली. या घरात आल्यापासून एवढं सरळ वाक्य ती पहिल्यांदाच बोलली होती.

सिंधुबाईंनी ठरवायला दोन दिवस घेतले. रोहितची सुपारी फुटायची होती, तिसरा महिना संपून चौथा लागायची वेळ आली होती. मग त्यांनी घोटीला फोन लावला. तेजश्री मशीनवर होती. काचेपलीकडून तिला आवाज येत होता, आधी नेहमीची विचारपूस, मग एक लांब श्वास.

"गेलं गं अक्का," सिंधुबाई म्हणाल्या. आणि रडल्या. कशासाठी कोण जाणे, पण पदर तोंडाला लावून रडल्या. पलीकडून अक्काबाईंनी कसं, कशाने, असं विचारलं असावं, कारण सिंधुबाई म्हणाल्या, "गोळीनं. ते थायरॉईडचं निघालंय ना तिला. लय कडक असती ती गोळी. उष्णता झाली." आणि मग, पुढची सगळी वर्षं एका दमात झाकून टाकावीत तसं, "अंगावर सूज राहील म्हणतात आता. कायमचीच."

परवा-तेरवा भेटायला येते, असं अक्काबाई म्हणाल्या.

त्या खरंच आल्या, मंगलाबाईंना बरोबर घेऊन. सिंधुबाईंनी तेजश्रीला पलंगावर निजवलं, अंगावर शाल घातली, केस विस्कटून ठेवायला सांगितले. दिवसाढवळ्या, धडधाकट असताना ती आजाऱ्यासारखी पडून राहिली. जेव्हा खरी आजारी होती तेव्हा तिला कुणी पडू दिलं नव्हतं.

अक्काबाईंनी डिंकाचे लाडू आणले होते आणि नवा इंद्रायणी तांदूळ. पलंगाशी बसून त्यांनी तिचा हात हातात घेतला. "माझीच दृष्ट लागली पोरी," त्या म्हणाल्या. "भरली भरली म्हणून मीच बोलले." त्यांच्या दुधाळ डोळ्यांतून पाणी गालांवर आलं. कधी नव्हतंच अशा बाळासाठी ही म्हातारी मरेपर्यंत स्वतःला दोष देणार होती. तेजश्रीच्या ओठांपर्यंत आलं, की अक्का, तुमचं काही चुकलं नाही हो. पण अक्काबाईंच्या खांद्यावरून मंगलाबाई पाहत होत्या. म्हणून ती नुसती रडली, म्हातारी रडत होती म्हणून रडली, आणि त्या रडण्याने सगळ्यांचीच खात्री पटली.

"एवढं वजन असलं की गर्भ टिकत नाही," मंगलाबाई सिंधुबाईंना म्हणाल्या, तेजश्री तिथे नसल्यासारखं. "आधी ते उतरवायला सांगा."

"वजनाचं नाय हो. गोळीनंच गेलं ते," सिंधुबाई म्हणाल्या. सुनेची बाजू घ्यावी तशा म्हणाल्या. मग सगळ्यांना चहाला बाहेर घेऊन गेल्या.

दाराच्या आड सृष्टी उभी होती. ती किती वेळ उभी होती ते कुणी पाहिलं नव्हतं. बायका गेल्यावर ती आत आली, पलंगावर चढली आणि शालीखाली आईच्या कुशीत शिरली, पण पोटाला धक्का लागू नये अशी, जरा अंतर ठेवून. बाहेर कपबशा वाजत होत्या. मंगलाबाई सुपारी फोडण्याच्या तारखेविषयी बोलत होत्या.

"मम्मी," सृष्टी अगदी हळू म्हणाली. "शौनक गोळीनं गेला?"

तेजश्रीने तिचे केस कपाळावरून मागे सारले. खरं सांगितलं तर ते मांडवातल्यासारखं याच क्षणी बाहेर गेलं असतं, चहाच्या कपांपर्यंत.

"मी पोटात होते तेव्हा तू गोळी घ्यायचीस?"

"नाही गं, राणी."

हे खरं होतं. सृष्टीने ते खरं नीट ऐकून घेतलं, त्याचा मनाशी विचार केला. मग कोपरावर टेकून ती उठून बसली आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मग त्याच्या वेळी का घेतलीस?"